अंबडमध्ये बनलेलं बर्फाचं ब्लेड: एका एटीव्हीचं पूर्ण प्रकरण

नाशकात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, नाहीतर निफाडला कडाक्याची थंडी पडून द्राक्षाच्या पानावरचं दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो. तरी बर्फ ढकलायचं ब्लेड अंबड एमआयडीसीत बनलं, मनालीच्या वर गेलं आणि दोन हिवाळे चाललं. आता तिकडचे अजून एक-दोन जण विचारायला लागलेत, म्हणून एकदा सगळं प्रकरण सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसायला नको.

आधी परिस्थिती काय होती ते. माझा मावसभाऊ, आपला सिडकोतलाच, त्यानं मनालीच्या वरच्या अंगाला तिथल्याच एका पार्टनरसोबत होमस्टे चालवायला घेतलाय. उन्हाळ्यात पर्यटकांना फिरवायला एक एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी ऑफ-रोड गाडी) आहे, ५७० सीसी, फोर बाय फोर, सीव्हीटी म्हणजे बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कमी वेगात जास्त जोर देणारी लो रेंज आहे, पुढं अडीच हजार पौंडवाली विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारी मोटर. सरकारी रस्त्यापासून होमस्टेपर्यंत ११० मीटरची खाजगी वाट, खडी टाकलेली, रुंदी ३ मीटर, चढ साधारण आठास एक (आठ मीटरला एक मीटर), डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला उतार, उताराखाली शेजाऱ्याची सफरचंदाची बाग. बर्फ पडला की सरकारी रस्ता जेसीबी नाहीतर डोझर येऊन मोकळा करून जातो, पण ही वाट ज्याची त्यानं बघायची, आणि भाड्याचा जेसीबी ज्या दिवशी आपल्याला हवा असतो त्याच दिवशी अख्ख्या खोऱ्याला हवा असतो.

मग मुलं फावडी घेऊन उतरायची. आता हिशोब बघा, ११० मीटर गुणिले ३ गुणिले एक फूट म्हणजे ०.३ मीटर बर्फ, झाले जवळपास १०० घनमीटर. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो धरा, म्हणजे १० टन. आणि हाच बर्फ मार्चमधला ओला असला की घनमीटरला अडीचशे-तीनशे किलो, म्हणजे २५ ते ३० टन. होमस्टेतल्या चार पोरांनी फावड्यानं ३० टन हलवायचे आणि वर पाहुण्यांना गरम पराठे पण वेळेवर द्यायचे, कसं व्हायचं?

भावाचा फोन आला, "दादा, एटीव्ही नुसती उभी असते हिवाळ्यात, तिला पुढं पातं लावता येईल का?" बाकीचे पर्याय आम्ही पटकन उडवले. हातानं ढकलायचा स्नो ब्लोअर खडीत दगड उडवतो आणि चढावर दमवतो, छोटा ट्रॅक्टर घ्यायचा तर तो उन्हाळ्यात नुसता उभा. एटीव्ही हातात होतीच.

इम्पोर्टेड पूर्ण सेट मिळतो, पण भाडं आणि ड्युटी धरून जो आकडा निघाला तो ऐकून भाऊ म्हणला, "दादा, यापेक्षा मी उन्हाळ्याची वाट बघतो." म्हणून विषय अंबडला आला, कारण मी ट्रॅक्टरच्या अवजारांच्या कामात आहे आणि ज्या वर्कशॉपमध्ये आमचं काम चालतं तिथं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारांसाठी ट्रॅक्टरमागची ब्लेडं, ट्रॉल्या, कल्टिव्हेटर सगळं होतं.

वर्कशॉपच्या शेठनी माझं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटात डिझाईन सांगून टाकलं. ६ फुटी ब्लेड, ६ एमएमचा पत्रा, मागं बॉक्स सेक्शनची चौकट, सगळं वेल्ड करून एकजीव. "डोंगर ढकला तुम्ही, काय होत नाही त्याला." त्यांचं चुकत नव्हतं, मातीसाठी असंच बनवतात. मातीत टायरला पकड असते, ट्रॅक्टर दीड-दोन टनाचा असतो, ब्लेड जड असेल तर उलट बरंच, जमिनीत बसतं. पण बर्फावर एटीव्ही म्हणजे एकदम वेगळा खेळ आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला सांगायचंय ते एवढंच आहे की एटीव्हीचं ब्लेड मजबूत किती यापेक्षा ठोकर बसल्यावर आधी काय झुकणार, काय झिजणार, काय तुटणार हे आपण बनवतानाच ठरवलेलं असलं पाहिजे. आपण नाही ठरवलं तर मशीन ठरवतं, आणि मशीन नेहमी सगळ्यात महाग पार्ट निवडतं.

आकडे मांडल्यावर शेठनाही पटलं. नुसता ६ बाय दीड-पावणेदोन फुटाचा ६ एमएमचा पत्राच चाळीस किलोच्या वर जातो, चौकट धरली की सव्वाशे. एटीव्हीचं स्वतःचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास, पुढच्या सस्पेन्शनवर सव्वाशे किलो लटकवले तर पुढचा भाग बसतो आणि मागची चाकं हलकी होतात. आणि ढकलायची ताकद? ती इंजिनातून येत नाही, टायरखालून येते. मशीन, माणूस, ब्लेड आणि मागं ठेवलेलं वजन मिळून ५३०-५४० किलो झाले, दाबलेल्या बर्फावर घर्षण वजनाच्या पाव धरलं, तर सपाटीवर जेमतेम १३० किलोचा रेटा मिळतो. आठास एक चढ असला तर त्यातले ६५-७० किलो मशीनला स्वतःला वर चढवण्यातच गेले, राहिले निम्मे. म्हणजे ५७० सीसी असो नाहीतर हजार सीसी, चाक फिरलं की खेळ खल्लास. सीसी विचारून ब्लेड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

म्हणून पहिला निर्णय असा झाला की चढाच्या दिशेनं बर्फ ढकलायचाच नाही, वरून खाली ढकलत यायचं आणि ब्लेड उचलून रिकामं वर जायचं. याचा परिणाम पुढच्या सगळ्या मापांवर झाला.

रुंदी. एटीव्हीची रुंदी ४८ इंच म्हणजे १२२ सेंटीमीटर. ब्लेड सरळ असताना ५४ इंची पण पुरतं असं वाटतं, पण बर्फ बाजूला टाकायचा तर ब्लेड तिरकं करावं लागतं, आणि ३० अंशात तिरकं केलं की रुंदी साधारण ८७ टक्क्यांवर येते. ५४ इंचीचे होतात ११९ सेंटीमीटर, म्हणजे चाकं न काढलेल्या बर्फावरून चालणार, बर्फ दाबून त्याची फरशी करणार, आणि दुसऱ्या दिवशी तीच फरशी काचेसारखी गुळगुळीत. ६० इंची घेतलं तर तिरकं असताना १३२ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना ५-५ सेंटीमीटर मोकळे, त्यात टायरच्या चेनचा फुगवटा पण बसतो. ७२ इंची अशा मशीनला जास्तच होतं, कारण टोकाला दगड लागला की हिसका थेट स्टिअरिंगला आणि फ्रेमला बसतो. ६० फायनल. उंची ४५ सेंटीमीटर, पत्रा पुढून आत वळवलेला, म्हणजे बर्फ वर चढून पुढं गुंडाळला जातो आणि रेटा कमी लागतो.

माऊंट. ब्लेड एटीव्हीला जोडायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पुढं बंपरपाशी, लावायला-काढायला सोपं, पण सगळा धक्का पुढच्याच टोकाला. दुसरी म्हणजे मशीनच्या पोटाखाली मध्यावर प्लेट बसवायची आणि तिथून दोन ढकलनळ्या पुढं काढायच्या, धक्का चौकटीच्या मधल्या भागाला जातो. वाट खडीची, दगड लपलेले, म्हणून पोटाखालचंच घेतलं. आता अडचण अशी की मशीन मनालीला आणि आम्ही नाशकात. भावानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर भोकं मारून साचा पाठवला, पण त्या पुठ्ठ्यावरून फ्रेमच्या नळीला जाणारी प्लेट कापायची म्हणजे ३ एमएम इकडं-तिकडं झालं तरी तिकडं पोरं ड्रिल घेऊन फ्रेमला भोकं पाडत बसतील. माझं मत आधीपासून हेच होतं की माऊंट प्लेट त्या मॉडेलची तयारच मागवायची, आणि ढकलनळ्यांपासून पुढचं सगळं अंबडला करायचं. सगळा सेट मागवायला पैसे जास्त लागतात, पण नुसती प्लेट लहान असते, तिचं भाडं परवडतं. ज्याला जमेल त्यानं हेच करावं.

आता स्प्रिंग. बर्फाचं ब्लेड खालच्या बाजूला पिनवर असतं आणि वरच्या बाजूला स्प्रिंगा त्याला मागं ओढून धरतात. बर्फाचा दाब पिनच्या वर पडतो त्यामुळं तो ब्लेडला मागंच रेटतो, स्प्रिंगांना काहीच त्रास नाही. दगड किंवा गोठलेला उंचवटा लागतो तो अगदी खालच्या धारेला, मग धार मागं जाते, वरची कड पुढं झुकते, ब्लेड दगडावरून ओलांडून जातं आणि स्प्रिंग परत त्याला उभं करते. वर्कशॉपमधल्या मिस्त्रीमामांना हे समजवायला एक मिनिट पण लागलं नाही. "म्हणजे आपला स्प्रिंगवाला नऊफणी कल्टिव्हेटर," ते म्हणले, "फण दगडाला लागला की मागं जातो तसंच ना?" तसंच. फक्त कल्टिव्हेटरची स्प्रिंग ट्रॅक्टरसाठी असते, ती इथं लावली तर ब्लेड कधी झुकणारच नाही, नुसती शोभेला. आम्ही पिन धारेपासून १० सेंटीमीटर वर ठेवली आणि स्प्रिंगा पिनपासून ३५ सेंटीमीटर वर. धारेवर १५० किलोची ठोकर बसली की झुकायला हवं, तर दीडशे गुणिले दहा भागिले पस्तीस, साधारण ४३ किलो ओढ दोन स्प्रिंगांत मिळून, एकीला एकवीस-बावीस. तेवढ्याच ताकदीच्या दोन स्प्रिंगा वळवून घेतल्या, आयबोल्टवर, म्हणजे ताण कमीजास्त करता येतो.

शेठनी शेवटपर्यंत हळूच विचारलं, "जरा कडक ठेवू का?" नाही ठेवायचं, शेठ.

पत्रा ३ एमएमचा, मागं पाच उभ्या फासळ्या. नुसता पत्रा १६ किलोच्या आसपास आणि ढकलनळ्या-पिना सगळं धरून पूर्ण सेट ६५ किलोत बसला. ओला बर्फ लोखंडाला चिकटतो, एकदा चिकटला की बर्फावर बर्फ घासतो आणि गुंडाळी होतच नाही, म्हणून पुढून एचडीपीई या गुळगुळीत प्लास्टिकचं पातळ शीट लावायचं ठरलं. हे शीट नाशकात सहज मिळतं, हॉपरला आतून लावायला वापरतातच लोक.

आणि इथं एक मजा आहे. मामांनी शीट पत्र्यावर धरलं, मार्किंग केलं, सरळ गोल भोकं पाडायला घेतली. मे महिना, शेडमध्ये पत्र्याखाली चाळीस डिग्री. मी म्हणलं मामा थांबा, हे शीट जानेवारीत उणे पंधराला असणार आहे, म्हणजे ५५ डिग्रीचा फरक. लोखंड दीड मीटरला तेवढ्यात १ एमएम आक्रसतं, पण एचडीपीई आक्रसतं जवळजवळ १२ एमएम. गोल भोकात घट्ट बोल्ट मारले तर शीट एकतर भोकापाशी फाटणार नाहीतर मधेच ताणून तडकणार. मामा दोन मिनिटं गप्प बसले, मग मधलं एकच भोक गोल ठेवलं आणि बाकी सगळी लांबट केली, टोकाकडं जाल तशी जास्त लांबट, चपट्या डोक्याचे बोल्ट, मागं मोठे वॉशर, आणि नट आवळून झाल्यावर परत पाव फेरा सैल सोडला. खालची कड तळाच्या झिजपट्टीच्या मागं घातली म्हणजे पाणी आत जाऊन गोठणार नाही. भावानं जानेवारीत फोटो पाठवला त्यात शीटची दोन्ही टोकं पत्र्याच्या कडेपासून आत सरकलेली स्पष्ट दिसतात. मामांनी तो फोटो स्टेटसला ठेवला होता.

लोखंडाच्या ग्रेडचा विषय पण काढावा लागला. आपण दुकानातून जो एमएस (साधं पोलाद) आणतो तो बहुतेक वेळा आयएस २०६२ या भारतीय मानकातला ई २५० ए ग्रेड. त्याला इम्पॅक्ट टेस्टची, म्हणजे ठोकर मारून बघायच्या चाचणीची, अटच नाही. बीआर ग्रेडला मागितली तर खोलीच्या तापमानाला होते, बीओ ची शून्य डिग्रीला आणि सी ची उणे वीसला. थंडीत लोखंड ठिसूळ होतं, जाड तुकडा आणि त्याच्याच कोपऱ्यात वेल्ड असलं की अजूनच. पातळ पत्र्याला आम्ही काही वेगळं केलं नाही, पण पिनचे कान आणि ढकलनळीची टोकं जी १० एमएमची आहेत ती सी ग्रेडमधून कापली. ओळखीच्या एका टाक्या बनवणाऱ्याकडं उरलेले तुकडे होते, मापाला पुरले. नाशकात बसून उणे वीसचा विचार करायची सवय कोणालाच नसते, पण बनवणाऱ्यानं करायलाच हवा.

झिजपट्टी म्हणजे अगदी खालची, जमिनीला लागणारी पट्टी, ७५ बाय १० एमएम, बोल्टनं लावलेली, भोकं मध्यावर घेतली म्हणजे एक कड झिजली की उलटी करून दुसरी वापरायची. मुद्दाम साधीच ठेवली, फार कडक नाही. ती झिजली तर तिकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये दुसरी कापून मिळेल. दोन्ही टोकांना बशीसारखे पाय, वर-खाली करता येणारे, त्यांनी धार खडीपासून इंचभर वर राहते.

सगळं झालं, पावडर कोटिंग झालं, आता पाठवायचं कसं. पिंपळगावहून कांद्याच्या गाड्या दिल्लीच्या आझादपूर मंडीला जातच असतात, शेठच्या ओळखीच्या गाडीत गोण्यांच्या बाजूला ब्लेड उभं घातलं, दिल्लीहून पुढं ट्रान्सपोर्टनं मनालीला. पोचलं तेव्हा चार दिवस कांद्याचाच वास येत होता म्हणे.

बर्फ पडायच्या आधीची तयारी लोक विसरतात. ऑक्टोबरमध्येच वाटेच्या दोन्ही कडांना सळया ठोकून वर लाल फडकी बांधली, कारण फूटभर बर्फ पडला की वाट कुठं संपते आणि उतार कुठं सुरू होतो हे तिथं जन्मलेल्यालाही कळत नाही. वाटेतले डोकं काढलेले दगड उपटले. पाण्याच्या नळाच्या झाकणापाशी वेगळी सळई. मागच्या टायरना चेन, पुढच्यांना नाही. मागच्या रॅकवर वाळूच्या पोत्यांचं ६० किलो वजन, रॅकची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघून, आणि ती वाळू नंतर दारापुढच्या बर्फावर टाकायला पण कामाला येते.

पहिल्या बर्फात मुद्दाम धार उंच ठेवून खालचा थर दाबून घेतला. जमीन अजून गोठलेली नसते तेव्हा पाती खाली टेकवली तर खडीच निघून येते, आणि मार्चनंतर ती सगळी खडी शेजाऱ्याच्या बागेत सापडते. थर दबला, गोठला, मग त्याच्यावरून उरलेला हिवाळा काढायचा.

चालवायची पद्धत फोनवर ठरवली आणि पोरांकडून घोकून घेतली. फोर बाय फोर लावायचं, लो रेंजमध्येच, वेग माणूस भराभर चालतो तेवढा. हाय रेंजमध्ये ढकललं की सीव्हीटीचा बेल्ट गरम होऊन जळतो, आणि थंडीत बेल्ट बदलणं म्हणजे बोटं बधिर करून घेणं. पळत येऊन ढिगाला धडक द्यायची नाही. हे सगळ्यात अवघड, कारण वीस वर्षांच्या पोराच्या हातात एटीव्ही दिली की त्याला धडकच द्यायची असते. उताराच्या कडेकडं मशीन कधीच सरळ तोंड करून न्यायचं नाही, ब्लेड तिरकं करून वाटेला समांतर चालत बर्फ कडेला सारायचा, कारण कडेचा बर्फ बाहेर लोंबलेला असतो, खाली जमीन नसते. आणि बर्फ थांबायची वाट बघायची नाही. बर्फ घोट्याच्या वर आला की एक फेरी, परत तेवढा झाला की परत. ४५ सेंटीमीटरच्या ब्लेडनं २०-२५ सेंटीमीटरपर्यंत कोरडा बर्फ आरामात जातो, त्याच्या पुढं मशीन रडतं.

एक गोष्ट पहिल्याच हिवाळ्यात बिघडली. ब्लेड वर-खाली करायला विंचच वापरली होती, तिचा दोर सिंथेटिक. ब्लेडसाठी विंचचा दोर रोज त्याच वीतभर जागेत रोलरवरून वळतो, वर पूर्ण आल्यावरही पोरगा बटण सोडत नाही, विंच ओढत राहते. एका सकाळी दोर रोलरपाशीच तुटला, ब्लेड खाली पडलं, पोरांनी उचलून साखळीनं रॅकला बांधलं आणि काम संपवलं. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही, दोर तुटला म्हणजे विंचचा गिअर आणि पुढची फ्रेम वाचली. पण रोज तुटून कसं चालेल, म्हणून नायलॉनचा रुंद आखूड पट्टा लावला जो वळायला मऊ असतो आणि बदलायला स्वस्त, हुकच्या मागं रबरी ठोकळा टाकला, आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगाची खूण, खूण रोलरपाशी आली की बटण सोड. त्यानंतर पट्टा टिकलाय.

बॅटरीचं पण तसंच. ब्लेडच्या कामात विंच मिनिटाला दोनदा चालते, इंजिन कमी आरपीएमवर, चार्जिंग होतच नाही, वर उणे दहाला बॅटरी आधीच अर्धमेली. आता काम संपलं की बॅटरी काढून आत किचनशेजारी चार्जरवर. मशीन उभं करताना ब्लेड खाली टेकवायचं पण फळीवर, नाहीतर सकाळी ते जमिनीला गोठून चिकटलेलं असतं आणि पोरगं विंचनं ओढून काढायला जातं.

वाटेच्या तोंडाशी वेगळंच दुखणं. सरकारी रस्त्यावरून जेसीबी गेला की आपल्या वाटेच्या तोंडाला घट्ट दाबलेल्या बर्फाचा बांध टाकून जातो, त्यात गोळे, दगड सगळं. हा बांध एका दमात ढकलायचा नसतो, ब्लेड अर्धं उचलून वरचा थर काढायचा, मग पुढचा, आणि तो बर्फ परत रस्त्यावर टाकायचा नाही, डोंगराच्या बाजूला ठरवलेल्या जागेत न्यायचा. बहुतेक एटीव्ही आपल्याकडं ऑफ-रोड म्हणूनच विकल्या जातात, तिला घेऊन सरकारी रस्त्यावर बर्फ काढत फिरायचं नाही हे भावाला बजावून सांगितलंय, शेजारी कितीही भाईजी-भाईजी करोत.

पण खरा वाद झाला तो बर्फ ठेवायचा कुठं यावर. डिसेंबरमध्ये पोरांनी ढीग वाटेच्या कडेलाच लावले, सोपं पडतं म्हणून. हे ढीग रात्री गोठतात आणि दगड होतात, मग जानेवारीत नवा बर्फ टाकायला जागाच नाही, ३ मीटरची वाट आक्रसून दोन-सव्वादोन झाली आणि गाडी आत येईना. तिकडच्या पार्टनरला हे माहीत होतं, तो म्हणाला पहिला बर्फ नेहमी जितका लांब जाईल तितका लांब ढकलायचा, हिवाळा पुढं तुमच्या अंगावर येतोच. दुसऱ्या वर्षी तसंच केलं. उताराच्या बाजूनं बर्फ सोडायचा तर खाली सफरचंदाची झाडं, कोवळ्या फांद्यांवर घट्ट बर्फाचे गोळे गेले तर फांदी मोडते, म्हणून भाऊ स्वतः जाऊन शेजाऱ्याशी बोलला आणि झाडं नसलेले दोन मोकळे पट्टे ठरवले, फक्त तिथंच सोडायचा. शेजारी आनंदात, कारण बागेला बर्फाचं पाणी हवंच असतं.

हिशोब विचाराल तर, पत्रा, लेसर कटिंग, रोलिंग, स्प्रिंगा, शीट, कोटिंग, वाहतूक आणि मागवलेली माऊंट प्लेट सगळं धरून तयार सेटच्या निम्म्याच्या आत बसलं. पण एका रात्रीत तीन फूट पडला की आजही जेसीबीलाच फोन करतात, आणि तेच बरोबर आहे. दोन हिवाळ्यांत झिजपट्टी एकदा उलटी केली, एक स्प्रिंग थोडी ताणलीय, शीटला काही नाही. मार्चमधल्या ओल्या बर्फात ब्लेड सरळ ठेवून न चालवता कायम तिरकंच ठेवावं लागतं, अर्धीच रुंदी खायची, आणि शीटवर सिलिकॉन स्प्रे मारायचा.

आता वरच्याच गावातल्या एकाची ऑर्डर आलीय, पण त्याचं मशीन शेजारी-शेजारी सीटवालं आहे, रुंदी ६० इंचाच्या पुढं, म्हणजे ब्लेड ७२ इंची लागणार, स्प्रिंगा दोनच्या चार, आणि वजन वाढतंय म्हणून विंचऐवजी इलेक्ट्रिक ॲक्चुएटर (मोटरवर लांब-आखूड होणारा दांडा) लावायचा का यावर शेठचं आणि माझं अजून जमलेलं नाही. शेठ म्हणतात ॲक्चुएटर, मी म्हणतो पट्टाच बरा, तिकडं ॲक्चुएटर बिघडला तर दुरुस्त कोण करणार. माऊंट प्लेट आली की रोलिंगला टाकू. तोपर्यंत त्यानं मशीनची ग्राउंड क्लिअरन्स मोजून पाठवायचीय, ती अजून आलेली नाही.